मुई आणि मेल्या

माझे खरे नाव मला शाळेत गेल्यावर कळले, असे सांगितले तर तुम्हांला ते खोटे वाटेल. पण ते बरेचसे खरे आहे. सहा वर्षांची होईपर्यंत त्या नावाने मला कोणी हाक मारल्याचे आठवत नाही. दादी मला 'मुई' म्हणत असे. अब्बा 'अम्मा' म्हणत. कारण माझा चेहरा त्यांच्या आईसारखा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी "अम्मा, पानी ला" म्हटले, की कधी कधी मी आणि दादी दोघीही उठत असू. शेजारच्या तेलुगू घरातली बाईही मला 'अम्मा'च म्हणे. त्यांच्यात लहान मुलीला लाडाने असेच म्हणतात. अब्बांबरोबर मी वाड्यावाड्यांतून फिरे, तेव्हा तिथल्या बायका मला 'पोरी' म्हणत, 'बाय' म्हणत, नाहीतर नुसतेच 'अगं ए' म्हणत. शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरीत माझे नाव पुकारले गेले, तेव्हा ही कोण मुलगी म्हणून मी मागे वळून पाहिले.

आम्ही सोलापूरला राहत होतो. १८७७ साली तिथे पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे आणखी निघाल्या. कामासाठी चारी दिशांनी माणसे आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कानडी बोलणारे आले. मराठी बोलणारे आणि आम्ही तर होतोच. आमच्या गल्लीत एकच सार्वजनिक नळ होता. त्याच्यावर रोज सकाळी चार भाषांत भांडण होई आणि ते सगळ्यांना समजे.

आमच्या घरची भाषा दखनी. शाळेत उर्दू शिकवत, ती जरा वेगळी, इस्त्री केलेल्या कपड्यांसारखी. घरी आम्ही 'नक्को' म्हणत असू. हा 'नक्को' मराठीतल्या 'नको' वरून आला आहे, हे मला फार उशिरा समजले. तोपर्यंत मी तो अगदी आमच्या घरचा शब्द समजत होते. तसा तो घरचाच होता म्हणा!

अब्बांचा धंदा बांगड्यांचा. काचेच्या बांगड्या फिरोजाबादहून येत. त्या रंगांप्रमाणे आणि मापांप्रमाणे लावून, लाकडी पेटीत भरून अब्बा घरोघर जात. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर असे. बांगड्या भरणे हे काम पाहायला सोपे वाटते, पण तसे नाही. आधी हात हातात घेऊन तो दाबून मऊ करायचा. मग अंगठ्याच्या खालचे हाड आत दाबायचे आणि नेमक्या त्या क्षणी बांगडी पुढे सरकवायची. घाई केली तर काच हातात घुसते. भरताना बांगडी गेली तर नुकसान अब्बांचे. ती 'फुटली' असे मात्र कोणी म्हणायचे नाही. मराठी बायका 'वाढवली' म्हणत, आमच्या घरी 'ठंडी हुई' म्हणत. वाईट गोष्टीचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही रीत दोन्हीकडे होती.

वाड्यांतल्या सुना आणि मुली अब्बांना 'मामा' म्हणत. मी एकदा त्यांना विचारले, "तुम्ही यांचे मामा कसे?" अब्बा म्हणाले, "हात कोणाच्या हातात द्यायचा? मामाच्याच ना?" तेव्हा मला ते उत्तर कळले नाही. मामा म्हणजे आईचा भाऊ, माहेरचा माणूस. सासरी आलेल्या सुनेचा हात परक्या पुरुषाने हातात घ्यायचा, तर त्याला आधी नात्यात आणले पाहिजे. त्या एका हाकेने ते काम होत असे. बांगड्या भरून झाल्या, की त्या सुना अब्बांना वाकून नमस्कार करीत. अब्बा प्रत्येक वेळी अवघडून जात आणि "सुखी राहा" म्हणत.

गल्लीतल्या पोरांना मात्र 'मामा' या शब्दाचा दुसरा उपयोग माहीत होता. एखाद्याला फसवले, की त्याचा 'मामा बनवला'. चौकातल्या पोलिसालाही ती 'मामा'च म्हणत, पण तो लांब गेल्यावर. "तुझ्या अब्बांना सगळं सोलापूर मामा बनवतं," असे म्हणून ती मला चिडवीत. मला फार राग येई. एकाच शब्दाने एका दारात मान आणि दुसऱ्या दारात थट्टा, हे कसे, ते मला उलगडत नसे.

बाजारात अब्बांना आणखी एक नाव होते. ते नाव म्हणजे 'चाचा'. त्यांच्या डोक्यावरची टोपी दिसली, की पन्नाशीचे गृहस्थसुद्धा "ओ चाचा, केवढ्याला दिल्या?" असे विचारीत. अब्बांचे वय तेव्हा पस्तीससुद्धा नव्हते. त्यांची दाढी काळीभोर होती. ते घरी येऊन हसत आणि म्हणत, "आज तीन पुतणे भेटले. तिघांचेही केस पांढरे होते!"

आषाढीच्या वेळी अब्बा पंढरपूरला जात आणि रस्त्याच्या कडेला बांगड्या मांडून बसत. एका वर्षी मीही गेले होते. वारकरी एकमेकांना 'माउली' म्हणतात, हे तुम्हांला माहीत असेल. माउली म्हणजे आई. संत ज्ञानेश्वरांनाही ते माउलीच म्हणतात. एक उंच, मिशीवाला शेतकरी बायकोला घेऊन आला आणि अब्बांना म्हणाला, "माउली, हिला हिरव्या दाखवा." मी पोट धरून हसले. मामा झाले, चाचा झाले आणि आता अब्बा चक्क आई झाले! अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या बाईला बांगड्या भरल्या आणि सांगितलेल्या भावापेक्षा कमी पैसे घेतले.

मी स्वतः काही फार शहाणी होते, असे समजू नका. फिरोजाबादहून वर्षातून एकदा एक माणूस माल घेऊन येई आणि दोन दिवस आमच्या ओसरीवर उतरे. गल्लीतली मुले उत्तरेकडून आलेल्या सगळ्यांना 'ए भय्या' म्हणत. दूधवाला भय्या, भेळवाला भय्या. मीही त्या माणसाला त्याच सुरात म्हटले, "ए भय्या, उठ, झाडायचं आहे." तो बिचारा उठला आणि "हाँ बिटिया" म्हणून बाजूला झाला. तो गेल्यावर अब्बांनी मला जवळ बोलावले. "त्याच्या गावात भय्या कोणाला म्हणतात?" मी म्हटले, "भावाला." "आणि तू कोणाला म्हणालीस?" मला उत्तर देता आले नाही. इडली विकणाऱ्याला आपण असेच 'अण्णा' म्हणतो. कानडीत अण्णा म्हणजे मोठा भाऊ. मराठीतही घरातल्या वडीलधाऱ्यांना अण्णा म्हणतात. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनाही अण्णाच म्हणत. शब्द तोच; पण हाक मारणारा मान वर करून मारतो की खाली पाहून मारतो, ते ऐकणाऱ्याला बरोबर समजते.

आता मुख्य गोष्ट सांगते.

विजापूर वेशीपासून थोड्या अंतरावर एका बोळात जुना वाडा होता. तिथे एक वयस्कर बाई राहत. अब्बा त्यांना 'आक्का' म्हणत. त्यांच्या लग्नाचा चुडा आमच्या आजोबांनी भरला होता आणि त्यांच्या मुलींचा अब्बांनी. १९७१ सालच्या संक्रांतीचे दिवस होते. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली होती आणि बांगड्यांना मागणी पुष्कळ होती. त्या गडबडीत आक्कांकडे जायला अब्बांना उशीर झाला. आम्ही वाड्यात पाऊल टाकले, तशा आक्का आतूनच ओरडल्या, "मेल्या, आलास का? मला वाटलं, विसरलास!"

मी जागच्या जागी उभी राहिले. शाळेत मराठी अजून सुरू झाले नव्हते, पण 'मेला' म्हणजे काय, हे मला ऐकून ऐकून ठाऊक होते. नळावर भांडणात हा शब्द रोज येत असे. अब्बा मात्र काही न झाल्यासारखे ओसरीवर बसले. आक्कांनी हात पुढे केला. त्यांच्या हातात अब्बांनी बाराबारा हिरव्या बांगड्या भरल्या. आक्कांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. तो मी घरी येईपर्यंत खाल्ला नाही.

रात्री जेवताना मी दादीला सांगितले, "त्या बाईने अब्बांना 'मेल्या' म्हटले."

दादीचा हात ताटातच थांबला. अब्बांच्या आधी दादीची दोन मुले लहानपणीच गेली होती. म्हणून तिसऱ्याला ती घरात 'फकीर' म्हणून हाक मारी. राजा, नवाब म्हटले तर नजर लागायची, अशी तिला भीती! तोच एक मुलगा उरला होता. आणि त्याला कोणीतरी भरल्या घरात 'मेल्या' म्हणाले होते.

"मेरे बच्चे कू मुर्दा बोली?" दादी म्हणाली. "अब उसके घरकू जाना नक्को."

अब्बा हसले. "अम्मा, ती प्रेमाने म्हणते," असे काहीतरी ते सांगू लागले. दादी हसली नाही. तिने ताट बाजूला सारले आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून अब्बांनी तो बोळ सोडला.

मला वाटले, आपण मोठे काम केले. अब्बांचा अपमान आपण थांबवला.

नागपंचमीला आक्कांचा निरोप आला. दूध घालणारी बाई म्हणाली, "आक्का विचारत होत्या, मामा आजारी आहे काय?" अब्बा म्हणाले, "येतो म्हणावं." ते गेले नाहीत. दिवाळीच्या आधी पुन्हा निरोप आला. त्यानंतर निरोप येणे बंद झाले. आक्का रागावल्या असतील, असे आम्हांला वाटले.

त्या जूनमध्ये मी पाचवीत गेले आणि आम्हांला मराठी सुरू झाले. शिकवायला एक बाई होत्या. आमच्या वर्गात एक पक्की समजूत होती, की उर्दू गोड आणि मराठी राकट. उर्दू म्हणजे अदब आणि मराठी म्हणजे 'ए, काय रे!' याला आमच्याकडे पुरावाही होता. गल्लीतल्या मराठी मुली आईला 'तू' म्हणत! आमच्या घरी आईला 'तुम' म्हणत आणि शाळेत 'आप' म्हणायला शिकवीत. माझी एक मराठी मैत्रीण वडिलांना 'अहो बाबा' म्हणे आणि आईला 'ए आई, तू वाढ ना.' मी तिला एकदा ऐकवले, "तुला आईशी बोलायची रीत नाही." ती डोळे मोठे करून म्हणाली, "अगं, आई काय परकी आहे, तिला अहो-जाहो करायला?"

या गोष्टीवर मी पुष्कळ दिवस विचार करीत होते. एके दिवशी दादी नमाजानंतर दुआ मागत होती, तेव्हा माझ्या कानांवर शब्द पडले. ती अल्लाशी बोलताना 'तू' म्हणत होती. 'आप' नाही, 'तुम'ही नाही. मी आयुष्यभर ते ऐकत आले होते आणि कधी लक्षात घेतले नव्हते.

मराठीतले नपुंसकलिंग आम्हांला फार छळत असे. उर्दूत दोनच लिंगे. 'ते' कशाला म्हणायचे, हे आम्हांला समजेना. बाईंनी पाठ करून घेतले, तरी चुका होतच. मग मला वाड्यांतल्या बायकांचे बोलणे आठवले. कोणाचेही लहान मूल दिसले, की त्या म्हणत, "किती गोड आहे गं ते!" मुलगा असो की मुलगी, ते 'पोर', ते 'लेकरू', ते 'माझं सोनं'. तेव्हापासून नपुंसकलिंगाची मला भीती वाटेनाशी झाली. परीक्षेत मात्र 'टेबल' या शब्दाने मला शेवटपर्यंत दगा दिला.

एका तासाला बाई भूतकाळाची रूपे सांगत होत्या. येणे–आला, जाणे–गेला, मरणे–मेला. मी हात वर केला आणि विचारले, "बाई, जिवंत माणसाला 'मेल्या' म्हणणं म्हणजे शिवी ना?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कधी कधी शिवी, कधी कधी नाही. तुला घरी लाडाने काय म्हणतात?"

"मुई."

"मुई म्हणजे काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तशीच उभी राहिले. मुआ म्हणजे मेलेला. मुई म्हणजे मेलेली. दादी मला दिवसातून वीस वेळा तेच म्हणत होती, जे आक्का अब्बांना एकदा म्हणाल्या होत्या.

बाईंनी मग फळ्यावर दगडू, धोंडू, कचरू अशी नावे लिहिली. मुले जगत नसली, की पुढच्या मुलाचे नाव खेडोपाडी असे ठेवत. दगड, धोंडा आणि कचरा. म्हणजे मृत्यूला वाटावे, यात नेण्यासारखे काही नाही. लाडाच्या शिव्यांमध्येही हीच भीती असेल, असे त्या म्हणाल्या. वर्गातल्या मुलींनी आपापल्या घरातली नावे सांगायला सुरुवात केली. मी काही ऐकत नव्हते. मला 'फकीर' आठवत होता.

मी पुढे तीस वर्षे मराठी शिकवले. त्या तासाइतका चांगला तास मला एकदाही घेता आला नाही.

घरी आल्यावर मी दादीला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुम मेरेकू मुई बोलते ना दादी? वैसाच है वो," असे मी दोनदा सांगितले. ती म्हणाली, "सुनी मैं. बहरी नै हूँ." संध्याकाळी अब्बा आले. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला. तेव्हा दादी भिंतीकडे पाहत म्हणाली, "संक्रांत आ री. वो बाई के घरकू जाको आ."

१९७२ च्या संक्रांतीआधी दोन दिवस आम्ही त्या बोळात शिरलो. अब्बांनी पेटीत सगळ्यात वरती हिरव्या बांगड्या लावल्या होत्या, आक्कांच्या मापाच्या. वाड्याचे दार उघडेच होते. अब्बांनी नेहमीसारखा आवाज दिला, ओसरीवर पेटी ठेवली आणि झाकण उघडले.

आतून आवाज आला, "मेल्या, आलास का?"

आक्का बाहेर आल्या. त्यांचे हात मोकळे होते. कपाळही मोकळे होते. अब्बांचे हात पेटीवर तसेच राहिले. दिवाळीनंतर चार दिवसांनी यजमान गेले, असे आक्कांनी सांगितले. गावातल्या गावात असून आम्हांला ते कळले नव्हते; कारण त्या बोळात वर्षभर आम्ही पाऊल टाकले नव्हते. मागच्या संक्रांतीला भरलेल्या त्या बाराबारा बांगड्याच शेवटच्या ठरल्या.

अब्बा काही बोलू शकले नाहीत. त्यांनी झाकण लावायला घेतले. आक्का म्हणाल्या, "झाकतोस कशाला? पेटी उघडलीस तर रिकामी बंद करू नये. ह्या पोरीचा हात भर."

"आक्का, ती घरचीच आहे," अब्बा म्हणाले.

"मग माझ्या घरची नाही का?"

मी हात पुढे केला. आक्कांनी लाल आणि पिवळ्या बांगड्या स्वतः निवडल्या. अब्बांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या बोटांना कंप सुटला होता. तो मी आधी कधी पाहिला नव्हता. मी भीतीने हात घट्ट आवळला. आक्का माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "मेले, हात सैल सोड. फार का दाबतोय तो?"

बांगड्यांचे पैसे आक्कांनी दिले. अब्बांनी ते घेतले. घेतले नसते, तर त्या रागावल्या असत्या.

घरी गेल्यावर दादीने माझे हात उलटसुलट करून पाहिले. "किसने दिए?" मी सांगितले. मग बाकीचेही सांगितले. दादी बराच वेळ माझे मनगट धरून बसली. तिच्या स्वतःच्या हातांत बांगड्या नव्हत्या. आजोबा गेल्यापासून नव्हत्या.

"क्या बोली वो तेरेकू?" तिने विचारले.

"मेले, हात सैल सोड, असं म्हणाल्या."

दादीने माझा हात सोडला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"जा मुई," ती म्हणाली, "खाना ठंडा हो रा."